कुठली श्रद्धा विचित्र वाटते आणि कुठली नाही, हे कशावरून ठरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं महालक्ष्मीव्रत तुम्ही लहानपणापासून पाहिलं, त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. आता वसतिगृहात तुमच्या खोलीत केरळची एक मुलगी आहे. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची. वाढदिवस साजरा करत नाही, राष्ट्रगीताला उभी राहते पण गात नाही, आणि जिवावर बेतलं तरी दुसऱ्याचं रक्त घेणार नाही म्हणते. तुम्हाला प्रश्न पडला, इतकी हुशार मुलगी असलं कसं मानते? पाठोपाठ दुसरा पडला, हाच प्रश्न आईबद्दल आजवर का पडला नाही?

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. मी धर्माचं समाजशास्त्र शिकवतो आणि दक्षिण कोकण-गोव्यातल्या देवस्थानांमध्ये क्षेत्रकाम करत आलो आहे, त्या आधारावर उत्तर देतो. विचित्रपणाचा फार थोडा भाग श्रद्धेच्या आशयात असतो. ती आपल्यापर्यंत कुठल्या वाटेनं पोचली, यावर बरंच काही ठरतं. आईची श्रद्धा तुमच्याकडे कृतीतून आली आणि मैत्रिणीची एका वाक्यातून आली. वाक्यातून आलेली जवळपास कुठलीही श्रद्धा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते.

व्रताची कथाच घ्या. सौराष्ट्रात भद्रश्रवा राजा आणि सुरतचंद्रिका राणी. देवी म्हातारीच्या रूपानं दारी आली, श्रीमंतीच्या मदात राणीनं तिला हाकललं, आणि राज्य गेलं. मुलगी शामबाला व्रत करत राहिली, तिचं वैभव टिकलं. हे तुमच्या मैत्रिणीला सांगून पाहा: ‘देवीचा अपमान झाला म्हणून राज्य बुडालं, म्हणून आम्ही तांब्यात पाच डहाळे ठेवून वर नारळ मांडतो.’ ती तुमच्याकडे जशी पाहील, तसंच आज तुम्ही तिच्याकडे पाहताय. तुम्हाला हे वाक्य असं सुटं कधी कुणी सांगितलंच नाही. तुम्ही पाहिलं ते ऑफिसातून येऊन उपाशीपोटी नैवेद्य रांधणारी आई, तिचं पोथी मोठ्यानं वाचणं, शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकवाला आलेल्या बायका आणि त्यांना दिलेल्या पोथ्या. कथेचा अर्थ कळण्याच्या आत ती घरचीच होऊन बसली होती.

वर्गात मी एक साधा प्रयोग करतो. देवधर्माची नावं काढून टाकलेली चार वाक्यं फळ्यावर लिहितो. टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून एक धर्मग्रंथ मिळाला. एका ठरावीक प्रार्थनेनंतर भाकरीचा देह होतो. मुक्त झालेले जीव विश्वाच्या सर्वांत वरच्या टोकाला कायमचे राहतात. गावाचा राखणदार रात्री हद्दीवर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. विचित्र वाटेल त्यावर खूण करा, असं सांगतो. जैन घरातला विद्यार्थी तिसऱ्या वाक्यावरून सहज पुढे जातो, कारण सिद्धशिला त्याला माहीत असते. गोव्याच्या कॅथलिक मुलीला दुसऱ्यात थांबण्यासारखं काही दिसत नाही. वेंगुर्ल्याकडच्या मुलाला चौथं वाचून आरवलीचा वेतोबा आठवतो. पहिल्यावर मात्र जवळपास सगळे खूण करतात, कारण ते मॉर्मन या अमेरिकी पंथाचं आहे, आणि आपल्याकडे मॉर्मन शेजारी नसतो. ज्या वाक्यावर हात थांबत नाही, तिथे तुमचं घर आहे असं खुशाल समजावं.

आता म्हणाल, मग आशयाला काही महत्त्वच नाही का? आहे, थोडं आहे. पास्कल बॉयर या मानवशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलं आहे. त्याचं म्हणणं असं की, धर्मात टिकून राहणाऱ्या कल्पना आपल्या रोजच्या समजुतीला एक-दोन जागीच धक्का देतात, बाकी सगळं ओळखीचं ठेवतात. वेतोबा यात नेमका बसतो. तो दिसत नाही, एवढाच धक्का. त्यापुढे तो माणसासारखाच आहे. चालतो, दमतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. केळी त्याला आवडतात, म्हणून केळ्यांचे घड येतात. त्याला शब्द दिला की तो लक्षात ठेवतो. अशी कल्पना मुलाला एकदा सांगितली की जन्मभर विसरत नाही, आणि तिच्यावरून पुढचं वागणंही ठरवता येतं. उलट बॉयरनंच दिलेलं एक उदाहरण पाहा: एकच देव आहे, तो सर्वशक्तिमान आहे, पण तो फक्त बुधवारी अस्तित्वात असतो. अशी कल्पना कुठल्याच समाजात रुजत नाही. तिच्यावर आपलं मन काही उभारू शकत नाही.

म्हणजे जगभरच्या धर्मांतल्या कल्पना मुळात एका जातकुळीच्या आहेत. म्हणूनच आशयावरून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. विल जर्व्हे आणि जोसेफ हेन्रिक या संशोधकांनी 2010 च्या एका लेखात हे झ्यूसच्या उदाहरणानं मांडलं. ग्रीकांचा झ्यूस लक्षात राहतो, वीज फेकतो, रागावतो, माणसांच्या भानगडीत पडतो. देवाला लागणारे सगळे गुण त्याच्यात आहेत. त्याच्या गोष्टी आजही मुलं आवडीनं वाचतात. पण शाळेत त्या वाचून झ्यूसला नवस बोलणारं मूल तुम्ही पाहिलंय का? आशय तोच राहिला, श्रद्धा गेली.

हेन्रिकनं 2009 मध्ये याचं एक कारण सुचवलं होतं, आणि माझ्या अनुभवात ते सगळ्यात जास्त उपयोगी पडलं आहे. माणूस दुसऱ्याचं बोलणं ऐकून फारसं काही मानत नाही. बोलणारा त्यासाठी स्वतःची किती झीज सोसतो, हे तो पाहतो. झ्यूससाठी उपास धरणारी आजी आपल्याला नाही. विठ्ठलासाठी ऊनपावसात आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत चालत जाणारी आहे. पायाला फोड आले तरी पुढच्या आषाढीला ती पुन्हा निघते. हे पाहिलेल्या नातवाला ‘विठ्ठल आहे’ असं वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या आईचा गुरुवार हाच पुरावा तुम्हाला दर आठवड्याला देत होता. मैत्रिणीच्या घरी तिच्या आईवडिलांनी काय सोसलं, हे तुम्ही पाहिलेलं नाही. तिच्या श्रद्धेचा फक्त मजकूर तुमच्या हाती आला आहे.

याला जोडून दुसरी गोष्ट. कुठलीच श्रद्धा एकटी नसते. ती इतर दहा समजुतींना टेकून उभी असते, आणि बाहेरच्याला त्यातली एकच दिसते. इथे इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाच्या कामाबद्दल जरा सविस्तर सांगतो. 1926 ते 1930 या काळात तो दक्षिण सुदानमधल्या अझांदे लोकांमध्ये राहिला आणि 1937 साली त्यानं त्यांच्या चेटूक-कौलाबद्दलचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अझांदे महत्त्वाचा निर्णय घेताना कोंबडीच्या पिल्लाला ‘बेंगे’ नावाचं विष देत आणि विचारत: अमुक माणसानं चेटूक केलं असेल तर पिल्लू मरू दे. तेवढ्यावर ते थांबत नसत. दुसऱ्या पिल्लाला उलट प्रश्न घालत: पहिलं उत्तर खरं असेल तर हे जगू दे. दोन्ही जुळली तरच कौल पक्का. जुळली नाहीत तर विष जुनं झालं, पथ्य मोडलं किंवा कुणी मध्ये चेटूक केलं, अशी कारणं तयार असत. आत राहून पाहिलं तर सगळं एकमेकांना धरून होतं. स्वतः इव्हान्स-प्रिचर्डही तिथे असेपर्यंत घरचे निर्णय याच कौलानं घ्यायचा, आणि घर चालवायची ही पद्धत इतर कुठल्याही पद्धतीइतकीच समाधानकारक होती, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

कोंबडीच्या पिल्लाला विष देऊन निर्णय घेणं हे वाचून मराठी विद्यार्थी अवाक होतात. मग मी त्यांना कौलाबद्दल विचारतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात कितीतरी देवळांत मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा कळे लावतात, गुरव किंवा पुजारी देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास रोखून पाहतात. बहुतेक ठिकाणी उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न जमवावं का, जमीन घ्यावी का, घरातलं आजारपण कशामुळे आलं, सगळं विचारलं जातं. मनासारखं उत्तर आलं नाही तर प्रश्न नीट घातला नव्हता, सोवळं मोडलं होतं, घरातलं कुळाचाराचं काही राहून गेलं होतं, अशी कारणं इथेही तयार असतात. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. ती जाहीर झाली की मुंबईतले चाकरमानी रजा टाकतात, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, पुढारी दर्शनाचे कार्यक्रम आखतात. एवढी मोठी यंत्रणा कौलावर हलते, आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. वाटू नये असंच मीही म्हणतो. माझं म्हणणं इतकंच, की अझांदेंकडेही त्याच नजरेनं पाहावं.

अझांदेंची आणखी एक गोष्ट. धान्याची कोठारं खांबांवर उभी असत, उन्हाच्या वेळी लोक त्यांच्या सावलीत बसत. कधी एखादं कोठार कोसळून माणसं दगावायची. खांब वाळवीनं पोखरले होते, हे अझांदेंना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता: हीच माणसं खाली बसलेली असताना, नेमकं त्याच क्षणी ते का पडलं? याचं उत्तर ते चेटूक देत. आपल्याकडे अपघातानंतर सांत्वनाला आलेली माणसं काय बोलतात, ते आठवा. ब्रेक निकामी झाला हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ‘नेमका तोच का त्या गाडीत बसला’ हा प्रश्न येतोच, आणि त्यावर नशीब, ग्रहदशा, भोग, दृष्ट यांपैकी काहीतरी पुढे येतं. वाळवीचं ज्ञान आणि चेटकाची श्रद्धा एकाच डोक्यात शेजारी शेजारी नांदतात. म्हणून ‘शिकलेला माणूस असं कसं मानतो’ हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला असतो. त्या शिक्षणानं ‘कसं झालं’ याचं उत्तर दिलेलं असतं. ‘माझ्याच बाबतीत का’ याचं उत्तर ते देत नाही.

काळाचा भाग आता. साधारण 112 च्या सुमारास, आजच्या उत्तर तुर्कस्तानात असलेल्या बिथिनिया प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी यानं सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लोकांचं काय करावं, हा विषय. चौकशीत त्याला कळलं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, नंतर एकत्र साधं अन्न खातात. सेविका म्हणवणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ करूनही त्याला यापलीकडे काही मिळालं नाही. तरीही त्यानं निष्कर्ष लिहिला, की ही एक हीन आणि अतिरेकी अंधश्रद्धा आहे. हाच प्लिनी रोममध्ये ‘ऑगर’ होता, म्हणजे पक्ष्यांच्या उडण्यावरून देवांची मर्जी ओळखणाऱ्या सरकारी मंडळाचा सदस्य, आणि त्याला या पदाचा अभिमान होता. तो ढोंगी नव्हता. पक्षी पाहून राज्याचे निर्णय घेणं त्याच्या दृष्टीनं सुसंस्कृत माणसाचं कर्तव्य होतं. 380 साली सम्राट थिओडोसियसच्या काळात ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. पुढच्या बारा-तेरा वर्षांत जुन्या देवांना बळी देण्यावर बंदी आली. पौणेतीनशे वर्षांत अंधश्रद्धा आणि धर्म यांनी जागा बदलल्या. दोन्हींचा आशय होता तिथेच होता.

रोमनांचा ख्रिस्तींवरचा एक मोठा आक्षेप असा होता, की हा धर्म नवा आहे. ज्यूंच्या चालीरीतीही त्यांना आवडत नसत, पण त्या पुरातन आहेत म्हणून खपवून घेत. मॉर्मन पंथाचं आज तसंच होतं. त्याचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा ग्रंथ 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पामायरा गावी छापला गेला. त्या काळची वर्तमानपत्रं आहेत, कागदपत्रं आहेत. जुन्या धर्मांच्या उगमाशी वार्ताहर हजर नव्हते.

पण नवेपणानंही सगळं उलगडत नाही. शेगावला गजानन महाराज प्रकट झाले ते 1878 मध्ये, म्हणजे स्मिथच्या ग्रंथानंतर जवळपास अर्धं शतक उलटल्यावर. त्यांची समाधी 1910 ची, शिर्डीच्या साईबाबांची 1918 ची. विस्तवाशिवाय चिलीम पेटली, कोरड्या विहिरीला पाणी आलं, पाण्यावर पणत्या जळल्या, या कथा छापखाने, रेल्वे आणि न्यायालयं असलेल्या काळातल्या आहेत. तरी विदर्भातल्या माणसाला त्यात काही उपरं वाटत नाही. त्याचं कारण मला असं दिसतं: या कथा आल्या त्या ओळखीच्या जागेत आल्या. संत, समाधी, पोथी, पारायण, पालखी, महाप्रसाद या जागा आपल्याकडे कित्येक शतकं तयार आहेत, आणि नवा संत येणं हे इथे अपेक्षितच आहे. स्मिथनं मात्र ख्रिस्ती समाजानं बंद झाली असं मानलेली जागा उघडली, नवा धर्मग्रंथ आणला. श्रद्धा नवी असली तरी चालते, पण बंद दार उघडलं की लोक अस्वस्थ होतात. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत वाढदिवसाचं हेच झालंय. वाढदिवस हा तुमच्यालेखी धर्माचा विषयच नव्हता, आणि तिनं तो धर्मात आणला.

दूरदेशीच्या उदाहरणांवर एवढं बोलून थांबणं सोपं असतं, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात काय होतं, ते टाळून चालणार नाही. कडकलक्ष्मी घेऊन फिरणारा पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो, आणि शहरी मध्यमवर्ग त्याला अंधश्रद्धा म्हणतो. भर उन्हात देवळाभोवती लोटांगण घालणारा मात्र त्याच नजरेला भक्तिमान दिसतो. कीर्तनात एखाद्याची शुद्ध हरपली तर ती भावसमाधी, आणि नवरात्रात गावातल्या बाईला झुलताना पाहिलं तर ते अंगात येणं. शरीर दोन्हीकडे झिजतं, भान दोन्हीकडे हरपतं. मग फरक कशात आहे? माझ्या मते तो मुख्यतः कोणाचं शरीर आहे यात आहे. पोतराजाची परंपरा गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींची. पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र, समित्या ज्यांच्या हाती राहिल्या, त्यांच्या घरची श्रद्धा ‘परंपरा’ म्हणून छापली गेली आणि इतरांची ‘अनिष्ट प्रथा’ म्हणून. आसूड ओढून घेणं चांगलं, असं मी म्हणत नाही. त्या चालीतून बाहेर पडण्यासाठी त्याच समाजांतल्या लोकांनी मोठा लढा दिला आहे. पण बाहेरच्यानं ठरवताना मोजमाप एकच ठेवलं पाहिजे.

त्या लढ्याचं सर्वांत ठळक रूप म्हणजे 14 ऑक्टोबर 1956. नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही पहिली. बुद्ध हा विष्णूचा अवतार हा खोटा आणि खोडसाळ प्रचार आहे, ही पाचवी. शेजारच्या घरात दशावताराच्या चित्रात नववा म्हणून बुद्ध असायचा आणि कुणाला त्यात काही खटकत नसे. प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तोच विचार अपमान ठरला. लोकांनी घरातले देव काढले, मरीआईचं करणं थांबवलं. त्या पिढीनं हे जाणूनबुजून केलं, किंमत मोजून केलं. त्यांच्या नातवंडांना आज पणजोबा मरीआईपुढे का वाकत होते, हे समजावून सांगावं लागतं. श्रद्धेची सहजता माणसं ठरवून बदलू शकतात, याचं इतकं मोठं उदाहरण जगात फार ठिकाणी सापडणार नाही.

‘मग सगळ्याच श्रद्धा सारख्या का?’ असा प्रश्न इथे हमखास येतो. नाहीत. विचित्र आणि सहज हा एक निकष झाला, घातक आणि निरुपद्रवी हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की फार नुकसान होतं. गडचिरोलीच्या माडिया गोंड गावांतलं कुर्माघर घ्या. पाळीच्या दिवसांत बाईनं गावाच्या कडेच्या झोपडीत राहायचं. झोपड्या बहुधा पडक्या, रात्री साप-विंचवाची भीती. शहरातून लेखणी घेऊन जाणाऱ्यांना ही प्रथा भयंकर वाटते, आणि त्यातला धोका खराच आहे. पण पुण्या-मुंबईच्या सदनिकेत पाळी आलेल्या सुनेनं देवघरात जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, यावर कुणी लेख लिहीत नाही. दोन्हींच्या तळाशी विटाळाची समजूत एकच आहे. एकीकडे त्रास जास्त, दुसरीकडे कमी, हा फरक मान्य. पण पहिली दिसते आणि दुसरी दिसत नाही, हे त्रासावरून ठरलेलं नाही, सवयीवरून ठरलं आहे. सवयीतल्या श्रद्धेचं नुकसान आपल्याला सगळ्यात उशिरा दिसतं.

कायद्याला या गोष्टीचा निवाडा करावा लागतो, म्हणून त्यानं काय मार्ग काढला हे पाहणं शिकवून जातं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, त्याचा अध्यादेश त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा केला. त्यात अंधश्रद्धेची व्याख्या नाही. कुठलं मानणं खरं आणि कुठलं खोटं, यात कायदा शिरत नाही. त्याला कृत्यांची अनुसूची जोडली आहे. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा. अंगात शक्ती आल्याचं भासवून लोकांना धाक घालणं, फसवणं हा गुन्हा. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना तो हात लावत नाही. दाभोलकरांना देवधर्मविरोधी ठरवणाऱ्यांनी ही अनुसूची एकदा शांतपणे वाचायला हवी होती, असं मला आजही तीव्रतेनं वाटतं.

तुमच्या मैत्रिणीचा पंथ तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. 1985 मध्ये केरळमधल्या एका शाळेनं यहोवाच्या साक्षीदारांच्या तीन मुलांना काढून टाकलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत, पण गात नसत, कारण प्रार्थनेसारखं गाणं फक्त देवासाठी, अशी त्यांची धारणा. ऑगस्ट 1986 मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला: एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला किंवा भावनेला पटते का, हा प्रश्न नाही. ती प्रामाणिकपणे, सदसद्विवेकानं बाळगलेली आहे का, हा प्रश्न आहे. मुलांना पुन्हा शाळेत घ्यायला सांगितलं. विचित्र वाटणं हा पुरावा होऊ शकत नाही, हे मी याहून नेमक्या शब्दांत कुठे वाचलेलं नाही.

रक्ताचा मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि तुम्हाला तो बोचतो हे बरोबरच आहे. तिथे जिवाचा प्रश्न आहे. बायबलमधल्या रक्त वर्ज्य करण्याच्या आज्ञेचा अर्थ हा पंथ रक्त शरीरात भरून घेण्यालाही लावतो. सज्ञान माणसानं स्वतःपुरता, समजून-उमजून घेतलेला हा निर्णय मला मान्य करावा लागतो, मनाला पटत नसला तरी. लहान मुलाच्या बाबतीत तो मान्य करायला मी तयार नाही. याच पंथाच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1944 मध्येच म्हटलं होतं की, आईबापांना स्वतः हुतात्मा होण्याची मोकळीक असेल, पण मुलांना हुतात्मा करण्याची नाही. तो खटला लहान मुलीकडून रस्त्यावर धार्मिक मासिकं विकवून घेण्याचा होता, रक्ताचा नव्हता. पण तिथली रेषा इथेही उपयोगी पडते. आईच्या व्रतालाही हीच कसोटी लावून पाहा. मधुमेह असलेल्या बाईनं गोळ्या घेऊन दिवसभर उपास धरणं घरोघर चालतं, त्याबद्दल तिच्याशी बोलायला हवं.

मैत्रिणीशी बोलताना ‘तू हे खरंच मानतेस?’ असं विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर पुन्हा एक वाक्यच असतं, आणि तुम्ही परत तिथेच येता. तिला विचारा: तुमच्या घरी आठवडा कसा जातो? लहानपणी वर्गात कुणाचा वाढदिवस असला की तू काय करायचीस? यात चुकलं तर कोण रागावतं? तुझ्या आईनं यासाठी काय काय सोडलं? क्षेत्रकामात मी हेच प्रश्न विचारतो, मग समोर कौल लावायला आलेला शेतकरी असो की गोव्यातल्या चर्चमधली म्हातारी. दोन-तीन भेटींत श्रद्धेमागचं घर दिसायला लागतं.

मैत्रिणीच्या पंथात वर्षातून एकदा ख्रिस्ताच्या मृत्यूचा स्मृतिविधी असतो. भाकरी आणि द्राक्षारस हातोहात फिरवतात, आणि बहुतेक जण त्यातलं काही न घेता पुढे देतात. बाहेरच्यांना मोकळेपणानं बोलावतात. तिनं बोलावलं तर जा, आणि विधी संपेपर्यंत बसा. नंतर मार्गशीर्षात तिला घरी न्यायचं मनात आलं तर आईला आधीच कल्पना देऊन ठेवा. मैत्रीण बहुधा पूजेत भाग घेणार नाही आणि नैवेद्याचं ताटही घेणार नाही. तिच्यासाठी नैवेद्याच्या आधी वेगळं काढून ठेवता येईल का, हे दोघींना विचारून ठरवा.